पुढचे कॉइलओव्हर: रोज पाथर्डी फाटा, कधीमधी ४०२ मीटर. स्प्रिंग कितीचा घेऊ?

पाथर्डीफाटा_३२५

मंडळी, दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो. आता अडलंय म्हणून पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी बीएमडब्ल्यू ३२५आय, ई९० बॉडी. २५०० सीसी, सरळ सहा सिलिंडर, २१८ बीएचपी, ऑटोमॅटिक, मागच्या चाकांना ताकद. माझ्या आधी दोन मालक झालेत. पुढचा डावा शॉक तेल टाकतोय, उजव्याचंही काही खरं नाही. म्हणजे खर्च टळत नाही. मग मनात आलं, करायचंच आहे तर कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग, उंची बदलता येणारा) का नको?

वापर असा: रोज नाशकात पाथर्डी फाटा ते सातपूर आणि परत. महिन्यातून दोनदा कसारा उतरून ठाणे, सासुरवाडी. वर्षातून दोन-तीनदा धावपट्टीवर ड्रॅग, म्हणजे सरळ रेषेतली ४०२ मीटरची शर्यत. मागच्या थंडीत ४०२ मीटर १५.४ सेकंदांत गेली, पहिले ६० फूट २.४. त्या २.४ नं झोप उडवली आहे. शेजारी एक साधी डिझेल गाडी माझ्या आधी हलली हो!

सोबतचा मित्र म्हणाला, "तुझं नाक उचलत नाही, वजन मागं जात नाही. पुढं एकदम मऊ स्प्रिंग आणि ढिले शॉक टाक." अमेरिकन व्हिडिओंत सगळे तेच सांगतात, ९०/१० शॉक वगैरे. इकडे ज्या दुकानदाराकडे चौकशी केली तो म्हणतो ८ किलोचा स्प्रिंग घ्या, "रेसिंग सेटअप" आहे. एक मऊ म्हणतो, दुसरा दगड म्हणतो. मी मधे लटकलोय.

बजेट दीड लाखाच्या आत. फक्त पुढची जोडी घ्यायचा विचार आहे, मागचे शॉक ठीक आहेत.

---

स्टेज_वन

भाऊ जास्त डोकं नको लावू. ८ किलो घे आणि चाक-फेंडरमधे दोन बोटं राहतील एवढी खाली बसव. गाडी उभी असतानाच जिंकते.

---

पाथर्डीफाटा_३२५

@स्टेज_वन, उभी असताना जिंकते आणि माझ्या सोसायटीच्या गेटावर हरते. तिथला गतिरोधक बघायला ये एकदा.

---

द्राक्षवाला_दिंडोरी

गतिरोधकाचं सरकारी माप माहितीये का कुणाला? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असा गोलसर उंचवटा आहे, २५ च्या वेगानं जाता यावं म्हणून. आमच्या गावात तीच १० सेंटीमीटर उंची एका फुटात चढवलीय. ट्रॅक्टरची ट्रॉली गेली की मागून द्राक्षाचा क्रेट उडतो. दोन बोटं ठेवायची तर गाडी कपाटातच ठेवा. (हलकं घ्या.)

---

गॅरेजवाला_सातपूर

कॉइलओव्हर नंतर. आधी गाडी लिफ्टवर घ्या आणि पुढच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबर) बघा. या मॉडेलला पुढं दोन वेगळे खालचे आर्म येतात. त्यातल्या तिरक्या आर्मचा बुश तेल भरलेला असतो. तो फुटला की ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस डिस्क बदलत बसतो. बुश गेलेला असताना लाखाचे शॉक टाकलेत तरी गाडी भरकटणारच. वरचे माउंटही बदला. जुन्या माउंटवर नवा शॉक म्हणजे नव्या धोतराला जुनं ठिगळ.

आणि टायर कुठले आहेत? कंपनीचे रनफ्लॅट (हवा गेली तरी चालणारे, कडक कडांचे) असतील तर निम्मा आजार तिथंच आहे.

---

पाथर्डीफाटा_३२५

रनफ्लॅटच आहेत, २२५/४५ आर १७ चारही. अजून नक्षी आहे म्हणून ठेवलेत. ब्रेक मारताना थरथर आहे थोडी, खोटं कशाला बोलू.

---

अर्धवट_अभियंता

धागाकर्त्याच्या मित्राचं "वजन मागं जात नाही" हे वाक्य आधी तपासू. कागद-पेन्सिल घ्या.

गाडी सुटताना पुढून मागं किती भार सरकतो, हे चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. या यादीत स्प्रिंग नाही. परत वाचा. स्प्रिंग नाही.

ई९० चा व्हीलबेस २७६० मिमी. वजन १५०० किलो धरा, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर. ६० फुटांना २.४ सेकंद म्हणजे, सुरुवातीचा, घड्याळाचा किरण तुटेपर्यंतचा फूटभर सोडून, साधारण ०.५ जी (गुरुत्वाच्या निम्मा) प्रवेग. मग १५०० × ०.५ × ०.५ ÷ २.७६ = १३६ किलो. एवढा भार मागं जातोच. स्प्रिंग मऊ असो, कडक असो, नाहीतर लाकडी ठोकळा असो.

मग मऊ स्प्रिंगनं होतं काय? नाक जास्त उचलतं. १३६ किलो पुढच्या दोन चाकांवरून गेले, म्हणजे प्रत्येकी ६८. चार किलोच्या (१ मिमी दाबायला ४ किलो लागणाऱ्या) स्प्रिंगवर पुढचा भाग १७ मिमी उठेल, ६ च्या स्प्रिंगवर ११, आणि ८ च्या स्प्रिंगवर साडेआठ. दोन टोकांत फरक साडेआठ मिलिमीटर. त्यानं गुरुत्वमध्य ४ मिमी वर गेला असं समजा, तर जास्तीचा भार सरकतो जेमतेम एक किलो. सीटखालची पाण्याची बाटली डिकीत ठेवलीत तर जवळपास तेवढंच होईल.

अमेरिकन व्हिडिओ खोटे नाहीत. ते ज्या गाड्यांबद्दल बोलतात त्या वेगळ्या आहेत: दुप्पट-तिप्पट ताकद, मागं जाड ड्रॅग टायर, १ जी च्या वरचा प्रवेग, उंच नाक. तिथं पुढची चाकं जमीन सोडतात. ते गणित २१८ बीएचपीला लावू नका.

---

कसारा_सेकंड_गिअर

@अर्धवट_अभियंता, गणित मान्य. पण मी स्वतः ढिले शॉक करून वेळ कमी झालेली पाहिली आहे. ते कसं?

---

अर्धवट_अभियंता

भार *किती* सरकतो ते शॉक ठरवत नाही, *किती लवकर* सरकतो ते ठरवतो. शॉकचा ताण, म्हणजे रिबाउंड, घट्ट असेल तर नाक हळू उठतं आणि मागचे टायर पूर्ण भार यायच्या आधीच फिरून मोकळे होतात. रिबाउंड सैल केला की नाक चटकन उठतं. खेळ पहिल्या काही दशांश सेकंदांचा आहे, पण ६० फूट तरी दुसरं काय असतं?

९०/१० म्हणजे हेच टोक. शॉक दाबायला ९० भाग विरोध, उघडायला १० भाग. नाक झटकन वर जातं आणि वरच रेंगाळतं. धावपट्टीवर मजा. पण रस्त्यावर खड्ड्यातून चाक बाहेर येताना त्याला आवरणारं कुणी उरत नाही.

म्हणून माझं मत: स्प्रिंग रस्त्यासाठी निवडा, आणि रिबाउंड हातानं बदलता येईल असा शॉक घ्या. ड्रॅगची सोय स्प्रिंगमधे शोधू नका, त्या गोल बटनात शोधा.

---

कसारा_सेकंड_गिअर

हे पटलं. आणि त्या बटनाची एक गोष्ट सांगतो, माझ्याच मूर्खपणाची.

माझी जुनी ई४६ होती. इव्हेंटला पुढचा रिबाउंड पार सैल केला, दिवसभर पळवली, संध्याकाळी पाव-भाजी खाऊन घरी निघालो. बटन तसंच. रात्री घाटात एका डांबराच्या ठिगळावरून गेलो, नाक उठलं, बसलं, परत उठलं. होडीसारखं. हसत होतो मी. पुढच्याच वळणाला समोर बंद पडलेला ट्रक, मागं दिवा नाही, दगड लावलेले. ब्रेक मारला तर पुढचं चाक उड्या मारायला लागलं, एबीएस कुरकुरलं आणि गाडी जिथं थांबायला हवी तिथं थांबलीच नाही. हातभर अंतरानं वाचलो. बायको शेजारी होती. तिनं इगतपुरीपर्यंत एक शब्द काढला नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं.

तेव्हापासून बटन फिरवलं की गिअरच्या दांड्याला लाल नाडा बांधतो. बटन परत फिरवल्याशिवाय नाडा सोडायचा नाही.

---

डीएसजी_वाली

उशिरा आले. माझी ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ ची, २३० वाली. पुढची चाकं ओढणारी. इथं मऊ-पुढं, सैल-पुढं हे सगळं वाचून कुणी पोलो-ऑक्टाव्हियावाला तसंच करून बसू नये म्हणून लिहितेय, कारण मी तेच केलं होतं.

आमचं उलटं आहे. तुमचे ते १३६ किलो मागं जातात आणि तुम्ही खूश होता. आमचेही जातात, पण ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्यावरूनच जातात. नाक झटकन उठलं की पुढचे टायर तिथल्या तिथं फिरतात, वर गाडी हातात आडवी खेचते. मी पहिल्या सीझनला पुढं सैल केलं आणि ६० फूट *वाढले*. मग एकानं फोनवर अर्धा तास शिव्या घालून समजावलं: पुढचा रिबाउंड घट्ट, मागं कडक स्प्रिंग म्हणजे ढुंगण बसणार नाही, आणि इंजिनचे माउंट बदल, कारण ती धडधड निम्मी तिथून येते.

माझ्यासारख्याच एका मैत्रिणीनं मागची सीट काढून टाकली. मागचं वजन कमी, पुढं टक्केवारी जास्त. सासूबाईंना मंदिरात न्यायच्या दिवशी मात्र पंचाईत झाली.

---

स्टेज_वन

म्हणजे बीएमडब्ल्यूला मऊ आणि स्कोडाला कडक?

---

डीएसजी_वाली

नाही रे बाबा. आधीचं वाच. स्प्रिंग दोघांनाही रस्त्याच्या हिशोबानं. *रिबाउंडचं बटन* त्यांचं डावीकडं, माझं उजवीकडं.

---

अंबडचा_टर्नर

नमस्कार. मी गाड्यांतला तज्ज्ञ नाही, अंबडला वर्कशॉप आहे, स्प्रिंगांशी रोजचा संबंध. दोन-चार गोष्टी.

एक. ८ किलो म्हणजे काय ते समजून घ्या. स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला ८ किलो भार. अमेरिकन आकडे पौंड प्रति इंच असतात. १ किलो प्रति मिमी म्हणजे ५६ पौंड प्रति इंच. जर्मन आकडे न्यूटनमधे असतात, त्याला ९.८ नं भागा. आकडे मिसळून तुलना केली की माणूस फसतो.

दोन. अर्धवटरावांनी धरलेल्या वजनात पुढच्या एका चाकावर अंदाजे ३३५ किलो लटकलेला भार धरला, चाक-डिस्क वगळून, तर ४ किलोच्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला १.७ वेळा हेलकावे खाईल, ५ च्या स्प्रिंगवर १.९, ६ च्या २.१ आणि ८ च्या २.४. कंपनीतून येणाऱ्या साध्या गाड्या १ ते १.५ च्या मधे असतात. दोनच्या वर गेलात की द्वारकापासून नाशिकरोडपर्यंत पाठीचे मणके मोजत जाल.

तीन. ही जास्त महत्त्वाची. फक्त पुढची जोडी घेणार म्हणता. मागचं मऊ, पुढचं कडक, तर खड्ड्यावरून गेल्यावर पुढचा आणि मागचा भाग एकमेकांशी भांडतात. खड्डा पुढच्या चाकाला आधी लागतो, म्हणून मागचा भाग किंचित *जलद* हलला पाहिजे, म्हणजे तो पुढच्याला गाठतो आणि दोघं एकदम शांत होतात. जनरल मोटर्समधे मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकातच हे मांडलंय. पुढं ८ टाकून मागं कंपनीचं ठेवलंत तर ते पार उलटं होईल. महामार्गावर गाडी झोपाळ्यासारखी झुलेल.

आणि मागचा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका. तुमच्या गाडीत मागचा स्प्रिंग शॉकवर नाही, आर्मवर वेगळा बसतो, चाकापासून बराच आत. तिथं तरफेचा हिशोब लागतो, तोही वर्गात. त्यामुळे मागचा स्प्रिंग पुढच्यापेक्षा कडक असूनही चाकाला मऊच लागतो.

---

पाथर्डीफाटा_३२५

टर्नरसाहेब, ८ चा विषय माझ्यापुरता संपला. मग किती? ५?

आणि दुकानदार म्हणतो मऊ वाटलं तर "प्रीलोड वाढवा, कडक होईल", म्हणजे चकती फिरवून स्प्रिंग आधीच दाबून ठेवा. खरं का?

---

अंबडचा_टर्नर

प्रीलोड फिरवून सरळ स्प्रिंग कडक होत नाही. फक्त गाडी वर-खाली होते आणि शॉकची चाल एका बाजूची कमी होऊन दुसऱ्या बाजूची वाढते. ५ किलोचा स्प्रिंग मेल्यावरही ५ चाच राहतो. कडक *वाटतो* तेव्हा बहुतेकदा शॉक वरच्या टोकाला आपटत असतो.

घेताना हे विचारा: उंची स्प्रिंगच्या चकतीवर बदलते, की शॉकच्या खालच्या भांड्याला वेगळे आटे आहेत? खालचं भांडं फिरत असेल तर उंची बदलूनही चाल तीच राहते.

५ बरोबर वाटतो मला. पण आधी गाडी तोला.

---

द्राक्षवाला_दिंडोरी

तोलायला काट्यावर या. मार्केट यार्डाजवळ भुईकाटे आहेतच, कांद्याच्या गाड्या गेल्या की दुपारी मोकळे असतात. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर, मग फक्त मागची. पावती घ्या. काट्यावरचा पोरगा विचारेल "माल काय?" तर सांगा जावई.

---

गॅरेजवाला_सातपूर

आता कुठला घ्यायचा ते. सगळीच नावं वापरून बघितलीत असं नाही, जे गाडीखाली हातात आलंय तेवढंच लिहितो.

केडब्ल्यू या कंपनीचे नेहमीचे तीन प्रकार आहेत. व्ही-वन ला फक्त उंची, शॉक बदलता येत नाही. व्ही-टू ला रिबाउंड. व्ही-थ्री ला रिबाउंड आणि दाब दोन्ही वेगळे. अंग स्टेनलेसचं असतं, त्यामुळे दोन पावसाळ्यांनंतरही चकती फिरते. हा मुद्दा कॅटलॉगवाले सांगतात तेव्हा हसू येतं, पण आपल्याकडे खरा आहे. बीसी रेसिंगच्या बीआर ला ३० टप्प्यांचं एक बटन, त्यानं दोन्ही एकदम बदलतात. वाईट नाही, पण इथं ज्या रिबाउंडची चर्चा चाललीय तो एकटा सैल करता येत नाही. कोनीचा पिवळा शॉक हा कॉइलओव्हर नव्हे, साध्या स्प्रिंगसोबत बसतो, पण त्याला फक्त रिबाउंडच बदलतो. उंची खाली करायचीच नसेल तर तुमच्या कामाला तो पुरून उरेल, आणि पैसे वाचतील.

क्यूए-वन, वायकिंग ही नावं व्हिडिओत ऐकली असतील. माल चांगला, पण त्यांचं दुकान अमेरिकन गाड्यांवर चालतं. ई९० ला जुळवायला ब्रॅकेट कापत बसू नका. पुढच्या स्ट्रटवर चाक, ब्रेक, स्टिअरिंग सगळं लटकलेलं असतं, तिथं वेल्डिंग म्हणजे जिवाशी खेळ.

वरचं माउंट: रबराचं घ्या. बॉलजॉइंटवालं घेतलंत तर सहा महिन्यांत खटखट सुरू, आणि तुम्ही परत माझ्याकडे. आटे बसवतानाच ग्रीस लावा. गणपतीपर्यंत तसेच ठेवलेत तर हूक पान्याला पाईप लावूनसुद्धा फिरणार नाहीत.

झेनॉन दिवे असतील तर सस्पेन्शनला उंचीचा सेन्सर असतो, त्याची दांडी काढून बाजूला लोंबकळत ठेवू नका. समोरच्याच्या डोळ्यात प्रकाश जातो. उंची बदलली की टो आणि कॅम्बर (चाकांचे कोन) परत सेट करायचाच, त्याला पर्याय नाही.

---

काळा_कोट

तांत्रिक चर्चा उत्तम. एवढंच सांगतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधन आहे, आणि जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं आहे. बसवायच्या आधी पेठ रोडच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर चाकामागं टॉर्च मारून बघतो, तेव्हा विचारण्यात अर्थ नसतो.

दुसरं, "समृद्धीवर रात्री ट्राय मारू" असं मागच्या धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. समृद्धीला १२० ची मर्यादा आहे आणि तिथं टायर फुटून माणसं गेलेली सगळ्यांनी बातम्यांत वाचलंय. बंद धावपट्टी, रुग्णवाहिका, हेल्मेट. मगच.

---

स्टेज_वन

ते मी लिहिलं होतं. काढून टाकलं.

---

पाथर्डीफाटा_३२५

काट्यावर गेलो. पोराला "जावई" सांगितलं, त्यानं खरंच पावतीवर लिहिलं. टाकी अर्धी, मी आत: एकूण १५५० किलो, पुढं ७६५, मागं ७८५. बॅटरी मुळातच डिकीत असल्यामुळे मागं एवढं. टर्नरसाहेबांचा अंदाज जवळजवळ बरोबर निघाला.

गॅरेजवाल्यांकडे गाडी लिफ्टवर घेतली. दोन्ही बाजूंचे तेलाचे बुश फुटलेले. बदलले. थरथर गायब. रनफ्लॅट काढून साधे टायर टाकले, आणि खरं सांगतो, तिथंच मला वाटलं की बस झालं, आता काही नको. पण शॉक गळतोय तो गळतोयच.

पुण्याच्या एका सभासदाकडून वापरलेला पूर्ण संच मिळतोय. पुढं-मागं, रिबाउंड बदलणारा, खालचं भांडं वेगळं फिरणारं. पुढच्या स्प्रिंगवरचा छापा घासून गेलाय. तो म्हणतो ५ आहे.

---

अंबडचा_टर्नर

म्हणतो ते मोजून बघू. रविवारी घेऊन या, प्रेसखाली लोडसेल ठेवतो. सुरुवातीचे १०-१५ मिमी सोडून द्यायचे, तिथं शेवटचा वेढा बसत असतो. मग २५ मिमी दाबून किती भार वाढला ते बघायचं, ५० लाही बघायचं. दोन्हीत सारखाच दर आला तर स्प्रिंग सरळ आहे.

येताना मिसळ आणा, वर्कशॉपात कँटीन बंद असतं रविवारी.

---

पाथर्डीफाटा_३२५

मोजले. डाव्याला २५ मिमीला १२२ किलो, उजव्याला ११९. म्हणजे ४.९ आणि ४.८. ५० मिमीलाही तोच दर. टर्नरसाहेब म्हणाले, "छापा काहीही असो, हे घ्या." वर मिसळीतला रस्सा कमी पडला म्हणून तक्रार.

सौदा एक लाखाच्या आतच झाला. उंची मूळपेक्षा फक्त १५ मिमी खाली. सोसायटीचा गतिरोधक तिरका घेतला की पार होतो.

---

स्टेज_वन

१५ मिमी?! दिसतं तरी का?

---

पाथर्डीफाटा_३२५

बायकोला दिसलं नाही. त्यामुळे किंमतही सांगावी लागली नाही.

---

कसारा_सेकंड_गिअर

नाडा घेतला का?

---

पाथर्डीफाटा_३२५

*दोन महिन्यांनी, त्याच धावपट्टीवरून परत आल्यावर.*

हो, घेतला. आता हिशोब.

पहिली रन रस्त्याच्या सेटिंगवर, कशालाही हात न लावता: ६० फूट २.३२. म्हणजे जुन्या २.४ मधून ०.०८ गेले ते साधे टायर, बुश आणि न गळणारे शॉक, एवढ्यानंच.

दुसरी रन, पुढचा रिबाउंड पूर्ण सैल: २.२९. नाक उठलेलं मित्रानं व्हिडिओत दाखवलं, मस्त दिसतं. घड्याळात मात्र ०.०३.

तिसरी रन, रिबाउंड तसाच, फक्त मागच्या टायरची हवा ३६ वरून २८ केली: २.२०. फुकटात! परत एकदा पळवून बघितलं, २.२१. पूर्ण अंतर १५.१ मधे.

पुढं अडतंय ते डिफरन्शिअलवर (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर). मागं साधं डिफरन्शिअल आहे, जास्त गॅस दिला की उजवं चाक एकटंच धूर काढतं. त्यावर पुढचा कुठलाच स्प्रिंग इलाज करणार नाही, हे आता कळलं.

घरी निघताना पंप काढून हवा भरली, बटन आठ क्लिक घट्ट केलं, नाडा सोडला. कसारा चढताना गाडी एवढी शांत होती की सासूबाई मागं झोपल्या.

---

डीएसजी_वाली

सासूबाई ड्रॅगला आल्या होत्या??

---

पाथर्डीफाटा_३२५

ठाण्याहून येताना घेतलं त्यांना. त्यांना सांगितलंय की गाडी सर्व्हिसिंगला नेली होती.

---

द्राक्षवाला_दिंडोरी

काढलेले जुने स्प्रिंग विकायचे आहेत का? ट्रॉलीच्या सीटखाली बसतील असं वाटतंय.

---

पाथर्डीफाटा_३२५

स्प्रिंग नाही देणार, गाडी कधी विकली तर मूळ सामान लागेल. रनफ्लॅट घ्या, चारही आहेत.